माइल्स वापर, पैसा राख

सोलापूर,
30 नोव्हेंबर 2025

प्रिय सिद्धू,

परवा डॅलसहून फोन केलास तेव्हा तुझ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सचा, म्हणजे प्रवासावर आणि कार्डावर मिळणाऱ्या, तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटचा विषय निघाला. तू म्हणालास, "वेळ वाईट आहे, माइल्स असू देत तसेच. पुढं कधीतरी आई-अप्पांना नेईन." तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण अप्पा माझ्या शेजारीच बसले होते. मला तुझं म्हणणं अजिबात पटलेलं नाही. काय पटलं नाही ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे लांबलचक पत्र. शेवटपर्यंत वाच.

वेळ वाईट आहे हे मला कुणी सांगायला नको. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के ड्यूटी लावली, तेव्हापासून अक्कलकोट रोडला टॉवेलचे कारखाने कसे चाललेत ते रोज बघतोय. आमच्याकडेच तयार झालेला माल बांधून पडलाय आणि तिकडचा गिऱ्हाईक रोज नवा भाव मागतोय. तुझ्याकडे लोकांना कामावरून काढणं चालू आहे, वर व्हिसाची टांगती तलवार. अशा वेळी माणूस मूठ आवळतो. आपल्या दोघांच्याही घरात तेच शिकवलंय आणि पैशाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. पण सिद्धू, माइल्स म्हणजे पैसा नव्हे. वाईट वेळ आली की पैसा राखायचा आणि माइल्स वापरायचे. तू नेमकं उलटं करायला निघालायस.

तुला माहीत आहे, आमच्या मालकांची फ्रँकफर्टच्या टेक्स्टाइल मेळ्याची तिकिटं, त्यांचे पॉइंट, सगळं मीच सांभाळतो. त्यामुळे या गोष्टींचा आतला हिशेब मला बऱ्यापैकी कळायला लागलाय. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, माइल्सवर एक पैसाही वाढत नाही. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, माइल्सला कुणाचीच हमी नसते. माइल्स छापणारी एअरलाइन आणि किती माइल्सला काय मिळणार हे ठरवणारीही एअरलाइनच. तू जमवलेले माइल्स त्यांच्या वहीत देणं म्हणून लिहिलेले असतात आणि आपलं देणं हलकं करायची संधी कुठली कंपनी सोडेल?

तुझ्याच एअरलाइनचं उदाहरण घे. 2016 च्या मार्चपर्यंत अमेरिकन एअरलाइन्सचे 90,000 माइल्स दिले की अमेरिकेहून भारतात फर्स्ट क्लासनं एका बाजूनं येता येत होतं. एका रात्रीत त्याचे 1,15,000 झाले. ज्यानं "अजून थोडे जमू देत" म्हणून दोन-तीन वर्षं थांबून 90,000 गाठले होते, त्याच्या खात्यात सकाळी आकडा तोच होता, पण तिकीट हातातून गेलं होतं. निदान तेव्हा कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतात याचा ठरलेला तक्ता तरी होता. डेल्टानं 2015 मध्ये तक्ताच काढून टाकला, युनायटेडनं 2019 मध्ये. अमेरिकननंही 2023 मध्ये स्वतःच्या विमानांचा तक्ता बंद केला. आता सीटचा भाव रोज बदलतो, सणासुदीला तर बघवत नाही. भागीदार कंपन्यांच्या विमानांसाठी मात्र अमेरिकनचा तक्ता अजून शिल्लक आहे. तो आहे तोवर हलायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कंपनी बुडाली तर, असं तू विचारलंस. आपल्याकडे 2012 मध्ये किंगफिशर बसली आणि लोकांचे पॉइंट तिच्याबरोबर गेले. पण दर वेळी तसंच होतं असंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट तिकडे जमा झाले. तुझ्याकडे तर युनायटेड, डेल्टा, अमेरिकन, तिघीही एकेकदा दिवाळखोरीतून गेल्यात आणि तिघींचे माइल्स टिकले. उलट 2020 मध्ये कोरोनात पैसा उभा करायची वेळ आली, तेव्हा या कंपन्यांनी आपला माइल्सचा कारभारच तारण ठेवून अब्जावधी डॉलरची कर्जं उचलली. एवढं दुभतं जनावर कोण मरू देईल? त्यामुळे एका दिवसात सगळं बुडेल ही भीती काढून टाक. भीती आहे ती झिजण्याची.

हे अप्पांना विचार, ते माझ्याहून चांगलं सांगतील. मिल बंद पडली तेव्हा त्यांची देणी कागदावर पूर्ण होती. पैसा कुणी नाकारला नाही, फक्त वर्षं गेली. हातात पडले तेव्हा आकडा तोच होता, पण त्या पैशात जे करायचं ठरवलं होतं ते होण्यासारखं राहिलं नव्हतं. तुझ्या माइल्सचं तसं व्हायला नको, म्हणून जीव तुटतो.

आता तुझ्या बाजूचं बोलतो. तू म्हणालास, "अप्पांना रात्री-अपरात्री काही झालं तर लगेच निघता यायला पाहिजे." हे मला मनापासून मान्य आहे. ऐन वेळचं तिकीट केवढ्याला पडतं ते मी बघितलंय. त्या वेळी खात्यात माइल्स असणं म्हणजे मोठाच आधार. पण त्यासाठी किती लागतात? तक्त्याप्रमाणे इकॉनॉमीचे एका बाजूला 40,000, येऊन-जाऊन 80,000. तुझ्याकडे चार लाखांच्या वर आहेत. वरचं थोडं धरून एक-सव्वा लाख बाजूला ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. जमलं तर यापुढचा राखीव साठा एअरलाइनच्या खात्यात जमवण्यापेक्षा बँकेच्या कार्डाच्या पॉइंटमध्ये जमव. काही बँकांचे असे पॉइंट वेगवेगळ्या एअरलाइन्सकडे वळवता येतात. ज्या दिवशी जिच्याकडे सीट असेल त्या दिवशी तिच्याकडे वळव. एकदा वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधीच वळवून ठेवू नकोस. तुझे माइल्स 24 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर संपतात, पण कार्ड वापरात आहे तोवर ती काळजी नाही.

उरलेले पावणेतीन-तीन लाख कशासाठी ठेवतोयस, ते सांग.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या घरी गेलो होतो. काकूंना म्हटलं, पासपोर्ट दाखवा बघू. त्यांनी देवघराच्या खालच्या कप्प्यातून साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात एलआयसीचे कागद, तुझं दहावीचं मार्कलिस्ट, त्याच्याखाली रुमालात गुंडाळलेले दोन पासपोर्ट. व्हिसाचं पान उघडलं तर दोघांचाही 2027 च्या जुलैपर्यंत आहे, आणि त्या दहा वर्षांच्या व्हिसावर ती माणसं आजवर एकदाच गेलीत. काकू म्हणाल्या, "संपत आलाय काय रे तो?" मी म्हटलं, आहे अजून. नंतर चहा ठेवायला उठताना त्यांनी आधी कट्ट्याला हात टेकला, मग भिंतीला, मग उठल्या. मागच्या वेळी त्या डॅलसला गेल्या तेव्हा जिना धडाधड चढत होत्या. पुढचा व्हिसा मिळेल की नाही, मुलाखतीची तारीख कधी मिळेल, आज कुणी सांगू शकत नाही. तू सध्या इकडे यायला कचरतोस, व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे परत जायला लागणारा शिक्का मिळवण्यात अडकशील म्हणून. मग त्यांनी तिकडे यायचं, हाच एक रस्ता मोकळा आहे, आणि तो किती दिवस मोकळा राहील ते ना तुझ्या हातात ना माझ्या.

त्या गुडघ्यांना दोहा ते डॅलस साध्या सीटवर बसवू नकोस बे. अमेरिकनच्या तक्त्यात तिची भागीदार असलेल्या कतार एअरवेजची, दोह्यावरून जाणारी बिझनेस क्लासची सीट भारत ते अमेरिका 70,000 ला आहे, टॅक्स तेवढा रोख. दोघांचं येणं-जाणं धरून 2,80,000 होतात. आडवं होऊन झोपता येतं, पाय लांब करता येतात. रोख पैशानं ही तिकिटं काढायची तू हिंमतही करणार नाहीस, आणि करूही नयेस. खरी किंमत वसूल होते ती इथंच. गिफ्ट कार्ड, मिक्सर, बॅगा घेण्यात हेच माइल्स घातले तर मातीमोल होतात. एकदम दोन सीट सहज मिळत नाहीत, त्यामुळे एकेका दिवसाचं कॅलेंडर बघत बसावं लागेल. जाताना बिझनेस मिळाली आणि येताना नाही, तर येतानाची नंतर शोधू. तारखा हलवायला आम्ही मोकळे आहोत.

आणि तुझ्या अनिश्चिततेचं सगळ्यात मोठं उत्तर यातच आहे. अमेरिकनच्या माइल्सवर काढलेलं तिकीट रद्द केलं तर माइल्स खात्यात परत येतात, भरलेला टॅक्सही परत मिळतो. विमान सुटायच्या आधी रद्द केलं की झालं. जूनमध्ये कतारनं आकाश बंद केलं तेव्हा किती लोक अडकले ते आपण बातम्यांत बघितलं, तसं पुन्हा होऊ शकतं. झालं तर रद्द करू. म्हणजे आज तिकीट काढलंस तर आजच्या भावात सीट तुझी झाली आणि परतीचा दरवाजाही उघडा राहिला. माइल्स नुसते पडून राहिले तर असा कुठलाच दरवाजा नाही.

यात तुझा जो रोख पैसा वाचेल त्याला हात लावू नकोस. नोकरीचं काही झालं तर घराचा हप्ता आणि किराणा त्यातूनच भागणार आहे. दोघांचा तिकडचा मेडिकल इन्शुरन्सही त्याच पैशातून काढ, कंजूषपणा न करता. अप्पांची बीपीची गोळी चालू आहे, फॉर्मवर ते स्पष्ट लिही. आणि केवळ माइल्स मिळतात म्हणून कार्डावर जास्तीची खरेदी करू नकोस.

अप्पा "एवढा खर्च कशाला" म्हणणार. त्यांची समजूत मी काढतो.

जानेवारीतल्या तारखा बघू नकोस. गड्ड्याची यात्रा आहे आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा चुकवून काकू स्वर्गातही जायच्या नाहीत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढं बघ, मेअखेर परतीचं, म्हणजे डॅलसचा उन्हाळा तापायच्या आत ती परत येतील. हैदराबादहून बघ. आता इथून मुंबईला विमान सुरू झालंय, पण तिथं उतरून पुन्हा सामान घेऊन टर्मिनल शोधण्यापेक्षा आपल्याला हैदराबादचा रस्ता बरा. गाडी मी काढीन आणि आत जाईपर्यंत थांबेन. दोघांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव, नंतर विसरायला होतं.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे, आणि व्हिसाच्या पानाचे फोटो आज रात्री तुला पाठवतो. नावं तिथं जशी आहेत तशीच टाक. काकूंच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, सगळं नाव एकाच ओळीत आहे. मागच्या वेळी त्यावरूनच काउंटरला अर्धा तास गेला होता, तेव्हा या वेळी एअरलाइनला आधी फोन करून विचार आणि मगच बुक कर.

तुझा,
मल्लू