प्रदूषण गोलाकार पसरत नाही

‘विहिरींचे पाणी आणि कचरा डेपो’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. डेपोभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ आखून त्याबाहेरच्या विहिरी सुरक्षित मानाव्यात, ही त्यातील सूचना मला धोक्याची वाटते. अशा हिशेबामागचा, फ्रेंच अभियंता डार्सी यांनी 1856 मध्ये मांडलेला पाणी झिरपण्याचा नियम वाळूवरील प्रयोगांतून आला. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग मात्र बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. इथे पाणी भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून वाट काढते. एका दिशेला ते झपाट्याने धावते, दुसरीकडे जवळजवळ थांबते. आमच्या शिवारातच पाहा. डेपोच्या कुंपणालगतची विहीर अजून गोडी आहे; ओढ्यापलीकडच्या, कितीतरी लांबच्या विहिरीत पोहरा सोडला की तपकिरी तवंग येतो आणि चहा मचूळ लागतो. वाळूचे गणित संगणकात घातले, तर ही दुसरी विहीर नकाशावर सुरक्षितच दिसेल आणि घरची माणसे तेच पाणी पीत राहतील. म्हणून आधी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक विहिरीची पातळी मोजावी, पाण्यात मीठ सोडून ते कुठे निघते ते तपासावे आणि त्यानंतरच पाणी कसे वाहते याचे संगणकी प्रारूप (मॉडेल) तयार करावे.

– एक शेतकरी, ता. हवेली, जि. पुणे