ऑस्ट्रेलियातल्या सेडुनात थांबलेल्या लेकीस

रत्नागिरी
१७ ऑगस्ट २०२५

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "बाबा, रात्री गाडी चालवायला मी एकटीच नाही म्हणतेय. हट्ट धरू का?" आणि मी म्हणून गेलो, "सगळ्यांच्या मतानं घ्या." फोन ठेवला आणि लगेच कळलं, उत्तर चुकलं. चौतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या बापानं लेकीला असं गुळमुळीत सांगायला नको होतं. म्हणून पहाटे उठून वहीत लिहायला बसलो. दादा पानांचे फोटो काढून तुला पाठवील. सेडुना सोडायच्या आत वाच, कारण पुढे रेंज मिळेलच असं नाही. आणि व्हॅनमधल्या तिघांनाही वाचून दाखव.

माझं उत्तर असं: हट्ट धर. दिवस मावळला की गाडी हलणार नाही असं स्पष्ट सांग, आणि किल्ली तुझ्या उशाखाली ठेव.

तुमच्यातल्या राजापूरच्या मुलाची घाई मला समजते. २७ तारखेला गणपती. पोर्ट ऑगस्टाला गाडीचा बेल्ट तुटून दोन दिवस गेले आणि शुक्रवारी रात्री त्याचं पर्थहून विमान. गणपतीच्या जादा गाड्या मी वर्षानुवर्षं चालवल्यात गं. मांडीवर झोपलेली पोरं, पायाशी मखराच्या सामानाच्या पिशव्या, आणि दर तासाला मागून कुणीतरी विचारणार, "ड्रायव्हरसाहेब, आरतीला पोचू ना?" तेव्हा "चौघं आळीपाळीनं रात्रंदिवस चालवू" असं तो म्हणतो, त्यात त्याचा काही दोष नाही. पण त्याला माझी एक गोष्ट सांग. ती मी तुझ्या आईलासुद्धा आज सकाळीच पहिल्यांदा सांगितली.

१९९६ साल, तुझा जन्म व्हायचा होता. दिवस गणपतीचेच. मुंबईची फेरी करून मी नुकता आलो होतो. एका सहकाऱ्याला घरी जायचं होतं, म्हणून त्याची कोल्हापूरची ड्यूटी मी आपणहून घेतली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं, जमेल. कोल्हापूरहून रात्री निघालो, आंबा घाट धुक्यात उतरलो. घाटात डोळा लागत नाही, प्रत्येक वळण हाक मारून जागं ठेवतं. साखरपा मागे पडला, रस्ता सरळ झाला, आणि मी झोपलो. तीन सेकंद असतील, चार असतील. डावी चाकं साइडपट्टीवर गेली, खडी उडाली, त्या आवाजानं डोळे उघडले तर दिव्यांच्या उजेडात समोर झाडाचा बुंधा. स्टेअरिंग उजवीकडे घेतलं, गाडी रस्त्यावर आली. मागे चव्वेचाळीस माणसं झोपलेली. एक म्हातारी तेवढी जागी झाली. "काय झालं रे बाबा?" मी म्हटलं, "खड्डा होता आजी, झोपा." आणि ती झोपली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून झोपली. पुढचा दिवा दिसला तिथे मी गाडी लावली, तोंडावर पाणी मारलं आणि वाहकाला सांगितलं, अर्धा तास मी उठणार नाही. लोक चिडले. मी ऐकून घेतलं. तिचा तो प्रश्न आजही कधीकधी मला रात्री ऐकू येतो.

आता तुमचा रस्ता बघ. तू पाठवलेला नकाशा दादानं मला मोठा करून दिला. नलार्बोरच्या माळावर कायगुना ते बॅलाडोनियाच्या टप्प्यात १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. आपल्या रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंतही एवढं अंतर भरत नाही, आणि त्यात आपल्याला किती वळणं लागतात ते तू आईच्या मांडीवर पिशवी धरून मोजलेलीस. तिथे गाव नाही, टपरी नाही. नलार्बोर हे नाव 'एकही झाड नाही' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलंय म्हणे. अशा रस्त्यावर भरदिवसा माणूस गुंगतो. रात्री दिव्यांच्या झोतापलीकडे काहीच नसतं, तेव्हा काय होईल ते मी घाट उतरल्यावर बघितलंय. आणि चौघं आळीपाळीनं चालवणार म्हणजे ज्याची पाळी नाही तो चालत्या गाडीत हिंदकळत पडणार. त्याला विश्रांती म्हणत नाहीत. तिसऱ्या पाळीला चौघंही सारखेच थकलेले असतील.

घड्याळही तुम्हाला फसवेल. पश्चिमेला जाताना दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरलं की काटे दीड तास मागे जातात. सीमेलगतच्या यूक्लाच्या आसपासची मंडळी तर आपली वेगळीच, पाऊण तासाच्या फरकाची वेळ पाळतात. घड्याळ म्हणेल, अजून साडेतीनच वाजलेत, चला थोडं पुढे. पण पहाटेपासून जागं असलेल्या शरीराला पाच वाजलेलेच असतात. त्यात तिथे आता हिवाळा, दिवस लहान. आणि दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांत येणार, कारण तुम्ही त्याच्याच दिशेनं निघालात. म्हणून वेळ घड्याळावर बघू नका, सूर्यावर बघा. तो झाडाइतका खाली आला, तिथे झाड नसलं तरी तुला अंदाज आहे, की थांबायची जागा शोधा.

जनावरं. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात हे तू मला सांगितलंस, त्यामुळे ते मी तुला सांगत नाही. पण मध्ये काही आलंच तर स्टेअरिंग तोडायचं नाही. ब्रेक दाब, गाडी सरळ ठेव. तुमची व्हॅन उंच, वर पाण्याचं पिंप, भांडी, गाद्या. एवढ्या वेगात झटका दिला तर ती कलंडेल. हे मनाला पटत नाही, जीव वाचवावासा वाटतो, पण मागे तीन जीव आहेत हे आधी. तिथे उंटाच्या चित्राची पाटीही लागते ना? ते उंट मूळचे तिथले नाहीत. १८६० साली कराचीहून चोवीस उंट मेलबर्नला नेले होते, त्यांच्याबरोबर उंट हाकणारी माणसंही गेली. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होतं. नंतर हजारो नेले, आणि ट्रक आल्यावर ते मोकळे सोडले गेले. त्या उंटांची पिल्लावळ आज तुझ्या रस्त्यात येते.

रोड ट्रेन, म्हणजे मागे एकाहून जास्त ट्रेलर जोडलेला ट्रक, दिसली की साइड दे आणि चहा पी. काही मार्गांवर त्या साडेत्रेपन्न मीटर लांब असतात, आपल्या चार एसट्या एकामागोमाग लावल्या तरी कमीच. पुढे मोकळा रस्ता दिसला म्हणून ओव्हरटेकला निघायचं नाही. ती मागे टाकायला किती वेळ लागेल याचा अंदाज तुमच्या जुन्या हायएस व्हॅनला येणार नाही आणि तुम्हालाही नाही. तिच्या वाऱ्यानं तुमची व्हॅन आधी बाहेर आणि मग आत ओढली जाईल. दोन्ही हात स्टेअरिंगवर.

अजून एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल तो वाहक. वाहकानं झोपायचं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. बोलत राहायचं, पाणी द्यायचं, चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं आणि "थांब" म्हणायचं. वाहकानं घंटी मारली की गाडी थांबते, तिथे ड्रायव्हरनं वाद घालायचा नसतो. दर दोन तासांनी जागा बदला.

तुमच्या त्या हायवेला एअर नावाच्या इंग्रज प्रवाशाचं नाव आहे. तो १८४१ साली हा माळ तुडवत पश्चिमेला पोचला. पण शेवटपर्यंत त्याच्याबरोबर टिकला तो वायली नावाचा तिथलाच आदिवासी तरुण. आमच्या लॉगशीटवर चालकाबरोबर वाहकाचंही नाव असायचं. मला वाटतं रस्त्याला दोघांचीही नावं हवी होती. तू ग्रेट ओशन रोडवरून फोटो पाठवलेस तेव्हाही मी समुद्रापेक्षा त्या रस्त्याकडेच बघत होतो. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी तो १९१९ पासून १९३२ पर्यंत कुदळ-फावड्यानं खोदला. घाटात गाडी चालवणाऱ्याला डोंगराच्या पोटातून रस्ता काढणं म्हणजे काय ते कळतं.

मी तुमचं वेळापत्रक करून ठेवलंय. सेडुनापासून पर्थ साधारण एकोणीसशे किलोमीटर. चार दिवस, चार मुक्काम, सगळं उजेडात. सोमवारी यूक्ला. वाटेत हेड ऑफ बाइटला देवमासे बघायला दीड तास घ्या, ऑगस्टात तिथे माद्या पिल्लांना घेऊन असतात, ते सोडू नका. मंगळवारी बॅलाडोनिया. बुधवारी नॉर्समनवरून कूलगार्डी. गुरुवारी संध्याकाळी पर्थ. शुक्रवार अख्खा हातात राहतो, आणखी एखादा बेल्ट तुटला तरी चालेल. एस्परन्सचा किनारा मात्र आत्ता सोडावा लागेल. त्याला पोचवलंत की तुम्ही तिघं परत खाली जाऊन बघा. देशाला वेढा घालायला निघालात, साडेचौदा हजार किलोमीटरचा रस्ता आहे, पर्थहून सातशेएक किलोमीटर मागे येणं तुम्हाला जड नाही.

एस्परन्स सुटेल म्हणून बॅलाडोनिया सोडू नकोस, ते माझ्यासाठी आहे. जुलै १९७९ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. शाळेत, स्टँडवर, विहिरीवर एकच बोलणं, अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा, स्कायलॅब, कुठे पडणार. माझ्या आजीनं आम्हा सगळ्या नातवंडांना ओटीवर एका रांगेत झोपवलं आणि स्वतः रात्रभर बसून राहिली. आभाळातून येणाऱ्या लोखंडाला ती काय अडवणार होती? पण ती जागी होती म्हणून आम्ही झोपलो. ते तुकडे पडले ते एस्परन्स आणि बॅलाडोनियाच्या त्या ओसाड भागात. कचरा टाकला म्हणून एस्परन्सच्या लोकांनी नासाला चारशे डॉलरचा दंड लावला होता! बॅलाडोनियाच्या रोडहाउसमध्ये त्याची आठवण मांडून ठेवली आहे म्हणतात. मला फोटो हवा.

आई म्हणते, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नाक्यावर ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात, तेव्हा उद्या सकाळीच कांदे, बटाटे, मिरच्या सगळं संपव, आणि मधाची बाटली कुणाला तरी देऊन टाक. पोहे आणि गोडा मसाला आहे का ते कळव. पाणी भरपूर भरून घे, पुढे विकत घ्यावं लागेल.

तुझा नंबर ऑस्ट्रेलियात फिरता फिरता काम करायच्या त्या व्हिसाच्या हजार जागांत लागला तेव्हा लोकांनी मला विचारलं, मुलीला एकटीला एवढ्या लांब कशाला पाठवता? मी म्हटलं, तिला गाडी येते. अजून कुणी विचारलं तर हेच सांगेन. गाडी येते म्हणजे थांबवताही येते, असं मी धरून चालतो. काल तू एकटी नाही म्हणालीस, तेव्हा तेच करत होतीस, आणि मी तुझी बाजू घ्यायला हवी होती.

आमची मुक्कामी गाडी आठवते ना? संध्याकाळी गावात जाऊन उभी राहायची, मी टपावर अंथरूण टाकायचो, पहाटे कोंबड्याबरोबर निघायचो. तुमची व्हॅन तशीच चालवा. यूक्लाला उभी केलीत की दिवे बंद करून वर बघ. मे महिन्यात आपण अंगणातून त्रिशंकू शोधायचो, दक्षिणेला पार खाली, माडांच्या शेंड्यांआड. तिथे तो चांगला उंच असेल. त्याला लागून एक काळा डाग दिसतो, तिथल्या मूळच्या लोकांना त्यात एमू पक्ष्याचं डोकं दिसतं. मला दिसेल की नाही ठाऊक नाही, तू बघून सांग.

आणि राजापूरच्या पोराला सांग, शनिवारी दुपारी तो मुंबईत उतरला की रात्रभर झोपू दे. रविवारी, २४ तारखेच्या सकाळच्या राजापूर गाडीचं एक आसन मी आज स्टँडवर जाऊन त्याच्या नावावर काढतो. त्याचं पूर्ण नाव आणि वय दुपारपर्यंत कळव, खिडकीवर गर्दी असते.

तुझे,
बाबा