चि. मुक्तास, भाडेकराराच्या नोंदणीबाबत

सातारा

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे ज्या प्रकारे तुटले, ते माझ्या मनातून गेलेले नाही. "बाबा, मी चौतीस वर्षांची आहे, घर मी भाड्याने घेते आहे आणि पैसेही मीच देणार आहे," असे म्हणून तू फोन ठेवलास, आणि त्यानंतर तुझी आई रात्रीपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलली. तुझे म्हणणे खरे आहे. बाणेरचे ते घर तू एकटीने हिंडून शोधलेस, दीड लाखाची अनामत रक्कम घासाघीस करून एक लाखावर आणलीस, सोसायटीच्या सचिवांनी 'एकट्या बाई राहणार का' असे विचारले तेव्हा त्यांना शांतपणे उत्तर दिलेस. हे सगळे मी जोशीकाकांना दोनदा सांगितले आहे, त्यांनी एकदाही विचारले नसताना. तेव्हा या पत्रात उपदेश करायचा नाही असे ठरवून बसलो आहे. फक्त त्या नोटरीच्या कागदाबद्दल लिहितो आणि थांबतो.

तुझे घरमालक म्हणतात त्याप्रमाणे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर टंकून नोटरीसमोर सह्या करणे ही पद्धत पुण्यात पुष्कळ ठिकाणी चालते, हे मला ठाऊक आहे. परंतु नोटरी एवढेच सांगू शकतो की सही करणारी माणसे त्याच्यासमोर आली होती. तो कागद दुय्यम निबंधकांच्या दफ्तरी जात नाही, त्याला दस्त क्रमांक मिळत नाही, आणि उद्या घरमालकांची प्रत हरवली किंवा त्यांनी ती हरवली असे सांगितले, तर सरकारी नोंदीतून त्याची नक्कल काढता येत नाही. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असे ते तुला म्हणाले. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे, कारण त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे आणि म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट धरली. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा) प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. त्यात अकरा महिन्यांना सूट दिलेली नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्याच कलमाने घरमालकावर टाकली आहे, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. हे तू त्यांना धमकी म्हणून ऐकवू नकोस. तुला माहीत असावे एवढ्यासाठीच लिहिले.

तू वाद घालण्यात माझ्यापेक्षा हुशार असल्याने हेही म्हणशील की त्याच कलमात नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असे आहे, मग नोंदणी नसण्यात माझाच फायदा. कलम तसे आहे खरे, पण घरमालकाला ते म्हणणे खोडून काढण्याची मुभाही त्यातच आहे, आणि मुख्य म्हणजे हा फायदा मिळतो तो प्रकरण न्यायालयात उभे राहिल्यानंतर. एक लाख रुपये परत मिळवण्यासाठी तुला पुन्हा वकिलाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. गेल्या वर्षी तेवढे पुरे झाले.

खर्चाचा प्रश्न असेल तर मी हिशेब करून ठेवला आहे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य गेल्यावर दुसरे काय येणार. चोवीस हजार भाड्याचे अकरा महिन्यांचे २,६४,००० रुपये होतात. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्के व्याज धरतात, ते एक लाखावर अकरा महिन्यांचे ९,१६७ रुपये. एकूण २,७३,१६७ रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. दस्त हाताळणीचे आणि एजंटचे पैसे वेगळे, परंतु सरकारचे शुल्क आणि फी मिळून सतराशे रुपये म्हणजे एका महिन्याच्या भाड्याचा दहावा हिस्साही नाही. तेही अर्धे अर्धे वाटून घेता येतात, आणि ते नाही म्हणाले तर तुझा अर्धा व त्यांचा अर्धा मी देईन. (यावर तू चिडशील. चिड.)

वेळेचे कारणही टिकत नाही. आता या कामासाठी कचेरीत रांग लावावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मजकूर भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचे, संगणकाच्या कॅमेऱ्यावर छायाचित्र आणि आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा द्यायचा, आणि दुय्यम निबंधक तिकडून दस्त नोंदवतात. यंत्र घेऊन एजंट घरी येतो. तुझे घरमालक नाशिकला असले तरी त्यांचा अंगठा नाशिकला आणि तुझा पुण्यात घेता येतो. तेव्हा 'मला पुण्याला येणे जमणार नाही' हे त्यांचे कारण मला पटलेले नाही. खरे कारण काय असावे याचा मला अंदाज आहे. घरभाड्याची करसवलत मागताना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की तुला कार्यालयात घरमालकांचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, आणि भाडे कागदावर आले की ते उत्पन्नातही दाखवावे लागते. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही सगळ्यांवर संशय घेता. असेल. तीस वर्षे इतरांच्या पावत्या तपासल्या की तशी सवय लागते.

त्यांना पटवायचे असेल तर त्यांच्याच हिताचे बोल. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये असे आहे की लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही तर घरमालकाला दिवाणी दाव्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, तेथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे नोंदवलेला कागद तुझ्याइतकाच त्यांनाही सांभाळतो.

हे कलम किती मोलाचे आहे हे आमच्या माई आत्याला विचारायला हवे होते. सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या माडीवरच्या दोन खोल्या काकांनी एका ओळखीच्या गृहस्थांना 'सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत' म्हणून दिल्या होत्या. कागद एका वहीच्या पानाएवढा. पुढे मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो लायसन्सवर जागेत राहत होता तो संरक्षित भाडेकरू ठरला. काकांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. ते गृहस्थ वाईट नव्हते, गणपतीत आरतीला खाली येत, माईच्या आजारपणात त्यांच्या बायकोने दोन्ही वेळचा डबा केला. पण खोल्या काही परत आल्या नाहीत. माईची धाकटी बाळंतपणाला आली तेव्हा तिची खाट ओसरीवर टाकावी लागली, आणि वर त्या गृहस्थांच्या मुलाचे लग्न ठरत होते. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीला तिथेच असायचो. माई जिन्याकडे पाठ करून बसायची. ती तशी का बसते हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. तुझी आई म्हणते, ही गोष्ट पोरीने शंभर वेळा ऐकली आहे. तरी लिहिली.

आणि दुसरी बाजू म्हणशील तर तुझ्या जन्माआधी आम्ही कऱ्हाडला दीड खोलीत राहत होतो. म्हातारे मालक वारले, मुलगा मुंबईहून आला आणि आम्ही दिलेल्या अनामत रकमेबद्दल 'वडिलांनी मला काही सांगितले नव्हते' एवढेच म्हणाला. त्याचे बोलणे कदाचित खरेही असेल. आमच्याकडे दाखवायला पावती नव्हती, कारण म्हाताऱ्यांनी ती कधी दिली नाही आणि वडीलधाऱ्या माणसाकडे पावती मागणे तेव्हा उद्धटपणाचे वाटे.

पाहा, थांबतो म्हणालो आणि कुठवर आलो. व्याख्यान झाल्याबद्दल क्षमा कर. पण मुक्ता, आता बाहेर आलेच आहे तर लिहून टाकतो. पनवेलच्या त्या घराचे हप्ते तुझ्या पगारातून गेले आणि कोणत्याही कागदावर तुझे नाव नव्हते. तू दोन बॅगा घेऊन साताऱ्याच्या स्टँडवर उतरलीस तेव्हा मी तुला काही विचारले नाही, आजही विचारत नाही. अभयबद्दल मला एक अक्षर लिहायचे नाही. परंतु तुझ्या आधार कार्डावर अजून पनवेलचाच पत्ता आहे, बँकेचे टपाल तिकडेच जाते, आणि ते तुझ्यापर्यंत पोहोचते की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. नोंदवलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. तो हाती आला की आधार, बँक, गॅस, सगळीकडचा पत्ता तू बदलू शकशील. ते घर भाड्याचे असले तरी कागदावर 'राहणार बाणेर, पुणे' असे तुझ्या एकटीच्या नावापुढे लागेल. मी त्या नोटरीच्या कागदावर एवढा का अडून बसलो, हे तुला आता कळले असेल.

सही करण्यापूर्वी त्यांच्याकडून घराच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन (नोंदणी दफ्तरातला त्या दस्ताचा उतारा) आणि चालू मिळकतकराची पावती मागून घे, आणि दोन्हींवर त्यांचेच नाव आहे ना ते पाहा. घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर करार त्यांनी करायला हवा, किंवा यांच्याकडे रीतसर मुखत्यारपत्र हवे. अनामत रक्कम बँकेतूनच दे आणि त्या व्यवहाराचा क्रमांक करारात घालून घे. ती चावी परत देतानाच परत मिळेल असे स्पष्ट लिहून घे, 'सोयीनुसार' हा शब्द कुठे असेल तर काढून टाकायला सांग. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर किती, तेही आजच ठरवा, कारण अनामत रकमेवरची पुष्कळ भांडणे रंगावरून होतात. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचे आणि नोटीस किती दिवसांची हे दोघांना सारखे असावे. गीझर, पंखे, स्वयंपाकघरातली चिमणी यांची यादी छायाचित्रांसह जोड. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते मालकाने भरायचे आहे, आणि सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हेही मालकाचेच काम आहे, पण ती दिल्याची प्रत तुझ्याकडे ठेव.

आणि इतके करूनही ते नोंदणीला तयार झाले नाहीत, तर ते घर सोड. टेकडी दिसणाऱ्या खिडक्या बाणेरमध्ये आणखी असतील. टोकन म्हणून दिलेले पाच हजार बुडाले तरी चालतील.

साक्षीदार लागणार असेल तर शनिवारी मी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरतो. आधार कार्ड घेऊन येईन आणि घरमालकांशी एक शब्दही बोलणार नाही, असे आईसमोर कबूल केले आहे. मजकुराचा मसुदा आधी व्हॉट्सॲपवर पाठव, म्हणजे रात्रीतून वाचून होईल.

तुझा,
बाबा

ता. क. आईने कुळथाचे पीठ दळून ठेवले आहे. आणि मसुदा पाठवशील तेव्हा अटींची सगळी पाने पाठव, फक्त पहिले नको.