हेम्प पेरण्याआधी दिवसाची लांबी पाहा

संपादक महोदय,

कमी पाण्यावर येणारे, धागा आणि तेल दोन्ही देणारे नगदी पीक म्हणून हेम्पचे, म्हणजे औद्योगिक भांगेचे, गोडवे सध्या समाजमाध्यमांवर गायले जातात. त्यात एकरी उत्पन्नाचा आकडा हमखास असतो, वाणाचे नाव मात्र नसते. या पिकात सगळा खेळ वाणाचाच आहे.

भांग लहान दिवसात फुलणारी वनस्पती. दिवस साधारण 14 तासांच्या खाली आला की ती उंची सोडून फुलोऱ्याकडे वळते. फ्रान्समध्ये जूनचा दिवस 16 तासांचा, त्यामुळे तिथले वाण आधी दोन-अडीच मीटर वाढतात, मग फुलतात. मुंबई-पुण्याला वर्षातला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा. युरोपीय बियाणे मृगात पेरा की आर्द्रात, रोप कोवळे असतानाच फुलू लागते आणि खुजे राहते. धागा असतो खोडाच्या सालीत. खोडच नाही तर वाख कुठून निघणार? युरियाचा जादा हप्ता देऊन हे सुधारत नाही. 2018 मध्ये परवाने देऊ लागलेला उत्तराखंड 30 अंश अक्षांशाच्या आसपास आहे, तिथे जूनमध्ये दिवस 14 तासांपर्यंत जातो. तिथले उत्पन्नाचे आकडे विदर्भ-मराठवाड्याला जसेच्या तसे लावणे चूक.

मग देशी बियाणे घ्यावे, तर दुसरी अडचण. ते आपल्या उजेडाला सरावलेले असते, पण नशा आणणारा घटक टीएचसी त्यात बहुधा मर्यादेच्या वर जातो. उत्तराखंडातली मर्यादा 0.3 टक्के आहे. कमी टीएचसीच्या वाणातही सीबीडी (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी यांचे प्रमाण साधारण 20 ला 1 असे जनुकानेच ठरलेले असते. म्हणजे फुलात सीबीडी 6 टक्क्यांपर्यंत चढले की टीएचसी 0.3 वर पोचलेच. काढणी आठवडाभर लांबली तरी कायदेशीर पीक बेकायदा होऊ शकते. शिवाय परागकण वाऱ्याने कित्येक किलोमीटर जातात, त्यामुळे बांधावरच्या रानभांगेशी संकर झाला तर घरचे बियाणे पुढच्या हंगामात भरवशाचे राहत नाही.

वासावरून काहीच ठरत नाही. भांगेचा वास बराचसा टर्पीन गटातल्या तेलांचा. आंब्यात असते ते मिरसीन, काळ्या मिरीतले कॅरिओफायलीन, चीडाच्या झाडातले पायनीन हीच त्यात असतात. टीएचसीला स्वतःचा वास नाही. तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते. ताज्या फुलात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते, म्हणून त्या आम्लाच्या आकड्याला 0.877 ने गुणून तो टीएचसीत मिळवतात. अहवालात नुसते टीएचसी दिले असेल तर तो अर्धवट समजावा.

जमिनीचे म्हणाल तर निचरा हवाच. काळ्या चिबड रानात पहिल्या तीन आठवड्यांत पाणी साचले की रोपे पिवळी पडून जातात. धाग्यासाठी हेक्टरी 50 किलोच्या आसपास बी, दोन-तीन सेंटिमीटर खोल, दाट पेरतात; दाटीमुळे खोड बारीक, सरळ आणि बिनफांद्यांचे राहते. नर झाडे पराग सोडू लागली की कापणी. उशीर केला तर धागा लाकडासारखा राठ होतो. पुढचे काम म्हणजे खोड पाण्यात कुजवून साल सोडवणे, ते अंबाडी कुजवणाऱ्यांना नवे नाही. कमी कुजली तर साल सणकाडीला, म्हणजे आतल्या काडीला, चिकटून राहते, जास्त कुजली तर धागाच तुटतो. मात्र हे काम ओढ्यात करू नये, पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

बियांत टीएचसी नसते, कवचाला चिकटलेल्या राळेतून थोडे येते. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये बियांसाठी किलोला 5 मिलिग्रॅम आणि तेलासाठी 10 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. उत्तराखंडातल्या कुमाऊँत हे बी कोरडे भाजून चटणी वाटतात. चव अक्रोडाच्या जवळची. तेल तळणीला घेऊ नये, लवकर खवट होते. तिथेच मिळणारा भांगजिरा मात्र भांग नव्हे, ती तुळशीच्या कुळातली वेगळी वनस्पती आहे. इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणतात तो आपला हिरवळीच्या खताचा ताग, आणि अंबाडी तर भेंडीची बहीण. या दोघांना परवाना लागत नाही.

भांगेला लागतो. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 14 नुसार धागा किंवा बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. परवानगीविना लागवड केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा बियाणे विक्रेत्याकडे परवान्याची चौकशी आधी करावी, आणि पिशवीवर छापलेला टीएचसीचा आकडा कोणत्या अक्षांशावरच्या पिकाचा, हेही विचारावे.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक, अकोला