खरा की डमी? लग्नाच्या केकबद्दल

प्रिय सुजाता,

भाचीच्या लग्नाचा चार थरांचा केक तू घरीच करणार, पाहुणे १२०, आणि सगळे थर खरे करायचे की डमी (नुसते दिखाऊ, आत केक नसलेले), एवढंच ठरायचं राहिलंय. तुला ताटकळत ठेवत नाही, मत आधीच सांगते: सर्वांत खालचा थर खरा कर, वरचे तीन थर्माकोलचे, आणि उरलेल्या पाहुण्यांसाठी स्लॅब, म्हणजे वेगळा एक साधा चौकोनी केक. बहुतेक जण नेमकं उलट करतात. वरचा छोटा थर खरा ठेवतात आणि खाली डमी लावतात.

आधी हिशोब. लग्नाचा काप १ इंच रुंद, २ इंच लांब आणि ४ इंच उंच धरतात. या मापाने गोल थरांतून ६ इंचीत १२, ८ इंचीत २४, १० इंचीत ३८ आणि १२ इंचीत ५६ काप निघतात. एकूण १३०, म्हणजे चारही थर खरे केलेस तरी सगळ्यांना पुरतं. पण असा केक फॉन्डंटसकट (वरून मढवायची साखरेची लाटलेली पोळी) पंधरा-सोळा किलोपर्यंत जातो, आणि तो सगळा दोन-तीन दिवसांत भाजून, भरून, मढवून उभा करायचा. घरच्या ओव्हनला आणि घरच्या फ्रिजला ते झेपत नाही. केक भाजून झाला तरी तो ठेवायला फ्रिजमध्ये जागा नसते. मग भरलेले थर बाहेर राहतात, बटरक्रीम (लोणी-साखरेचं क्रीम) मऊ पडतं आणि कडा फुगतात.

पैसे वाचतील म्हणून डमी करू नकोस, कारण फारसे वाचत नाहीत. फॉन्डंट तेवढाच लागतो, फुलं तेवढीच, आणि सजावटीचे तास तर तसूभरही कमी होत नाहीत. वाचतं ते लोणी, मैदा आणि शेवटच्या दोन रात्रींची झोप. डमी तीन आठवडे आधी करून ठेवता येतो, हाच त्याचा खरा फायदा. आणि यात फसवणूक वगैरे मनात आणू नकोस. ब्रिटनमध्ये १९४० साली युद्धामुळे केकवर साखरेचं आयसिंग लावायला बंदी आली, तेव्हा लोक छोट्या केकवर पुठ्ठ्याचं सजवलेलं आवरण ठेवून लग्नं लावत होते.

खालचाच थर खरा का? एक तर वधूवर उभ्याने सुरी चालवतात ती खालच्या थरात, आणि फोटोही तिथेच निघतो. तिथे थर्माकोल असेल तर डमीत खाच कोरून केकचा तुकडा बसवावा लागतो. ती खाच फुलांनी झाकली तरी आतला तुकडा वाळतो, आणि सुरी दोन बोटं इकडे-तिकडे गेली की थर्माकोलचा कर्र आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जातो. दुसरं कारण वजनाचं. ६, ८ आणि १० इंचांच्या तिन्ही डमींचं थर्माकोल मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. वर खरा थर ठेवलास की भार सगळा माथ्यावर, आणि टेबलाला धक्का लागला की डोलारा कलतो. खाली खरा थर असला तर बुडाला आपोआप वजन येतं.

आता डमी. चार इंच उंचीचे घे. खरा थरही चारच इंचांचा असू दे, नाहीतर प्रमाण बिघडतं. थर्माकोलची कड धारदार असते, फॉन्डंट हमखास तिथेच फाटतो. म्हणून बारीक सँडपेपरने कड किंचित गोल कर. हे घराबाहेर कर, कारण सुटलेले दाणे ओल्या फॉन्डंटला चिकटले की निघत नाहीत. मग ओल्या फडक्याने पुसून शॉर्टनिंगचा (घट्ट वनस्पती तुपाचा) अगदी पातळ हात फिरव. पाणी लावतात बरेच जण, पण ते जरा जास्त झालं की फॉन्डंट घसरतो आणि खाली सुरकुत्या जमतात. फॉन्डंट ४ मिलिमीटर जाड लाट. तीनच्या खाली गेलीस तर दाण्यांचा खडबडीतपणा वर उमटतो. पोळीचा व्यास काढायचा तो असा: डमीचा व्यास, अधिक दोन वेळा उंची, अधिक २ इंच. म्हणजे १० इंचीला २० इंचांची पोळी आणि साधारण १ किलो फॉन्डंट, ८ इंचीला ७०० ग्रॅम, ६ इंचीला ५०० ग्रॅम. थर्माकोलमधून हवा निघून जात नाही, त्यामुळे बुडबुडे हमखास येतात. सुई तिरकी घालून हवा काढ आणि स्मूदरने (फॉन्डंट सपाट करायच्या पट्टीने) दाब.

डमी एकमेकांना रॉयल आयसिंगनेच (वाळून टणक होणाऱ्या साखरेच्या आयसिंगने) चिकटव आणि एक दिवस वाळू दे. ग्लू गन फार तापली तर थर्माकोल वितळतं. सॉल्व्हंट असलेला गोंद किंवा स्प्रे रंग तर ते चक्क खाऊन टाकतो. तयार झालेला डमी कोरड्या जागी, उन्हापासून लांब, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. गुलाबी आणि जांभळा रंग उजेडाने सर्वांत आधी उडतात.

रंगावरून आठवलं, इथे बहुतेकांचं फसतं. डमी आज मढवला आणि खरा थर तीन आठवड्यांनी, नव्याने रंग कालवून, तर दोन छटा शेजारी शेजारी ओरडून दिसतात. सगळा फॉन्डंट एकदाच रंगव, एक रात्र मुरू दे, कारण रंग नंतर गडद होतो, आणि खऱ्या थरापुरता सव्वा-दीड किलो प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेव.

खरा थर. १२ इंची साचा मधे कच्चा आणि कडेला कोरडा राहतो. म्हणून २ इंचांचे दोन भाग वेगळे भाज, १६० अंशांवर, साच्याभोवती ओली पट्टी गुंडाळून. भरताना कडेने घट्ट बटरक्रीमची भिंत घाल, मगच आत सारण, नाहीतर रात्रीतून कंबरेला पट्टा आवळल्यासारखा फुगवटा येतो. व्हिप क्रीम या केकसाठी विसर. बाहेरून गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) लावलंस तर कडा डमीइतक्या सरळ येतात: डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट, व्हाइट तिप्पट. एक रात्र बसू दे, मगच फॉन्डंट चढव.

वरचे थर हलके आहेत म्हणून डॉवेल (वरच्या थरांचा भार पेलायला केकमध्ये रोवायच्या दांड्या) गाळू नकोस. फॉन्डंटसकट ते अडीच किलोच्या आसपास जातातच. १० इंचाचं वर्तुळ आखून, त्याच्या इंचभर आत पाच डॉवेल गोलाकार आणि एक मध्यभागी. पहिला डॉवेल पृष्ठभागाच्या सर्वांत उंच जागी रोवून खूण कर आणि सहाही त्याच मापाने काप. प्रत्येक डॉवेल जागेवर वेगळा मापलास तर आयसिंगचा उंचसखलपणा वर चढतो आणि सगळा केक कलतो. डमीच्या तळाला केक बोर्ड हवाच; नसेल तर डॉवेल थर्माकोलमध्ये रुततात, शिवाय थर्माकोल खाण्याच्या केकला टेकतं. बोर्डातून दोन टोकदार लाकडी काड्या ३ इंच खाली काढ, त्या केकमध्ये शिरल्या की वरचा भाग सरकत नाही.

हॉलवर मग एकच जोड उरतो. गाडीत खरा थर सपाट जागेवर ठेव, सीटवर नको. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला दमट हवेत घाम फुटतो. बोट लावू नकोस, पुसू तर मुळीच नकोस, आपोआप सुकतो.

स्लॅब १० बाय १४ इंचांचा, उंची तीच ४ इंच, त्यात ७० काप. खालच्या थराचे ५६ धरून १२६ झाले. चव आणि सारण दोन्हीकडे एकच ठेव. आणि वाढप्यांना आधी सांग की केक कापून झाला की वरचा डमी आख्खा उचलून बाजूला ठेवायचा आणि डॉवेल मोजून सहा बाहेर काढायचे. बोर्डाखाली ‘खायचा नाही’ असं ठळक लिहूनही ठेव.

टेबल किती रुंद आहे आणि त्यावर पंखा येतो का, ते कळव. बेस बोर्ड १६ इंचांचा घ्यायचा की १८, ते त्यावरून सांगते.

तुझी,
माधवी