लष्कराच्या भाकऱ्या

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि माझा धीर गेला. म्हणून हे पत्र. बाबा, डोळ्याला ताण होत असेल तर आईकडून वाचून घ्या. आणि आई, तू वाचताना मधलं गाळतेस ते मला माहीत आहे. या वेळी गाळू नकोस.

विमा कंपनीतली नोकरी मी मार्चमध्ये सोडली. घाबरू नका, त्यांनी काढलं नाही, मीच सोडली, आणि दुसरी हातात आल्यावरच सोडली. आता मी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, म्हणजे गावच्या व्यापारी संघात आहे, सभासद विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे मी आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी. पगार कमी आहे, आकडा दादाला सांगितलाय. पण घराचा हप्ता निघतो, आरोग्य विमा कार्यालयाचा आहे, ग्रीन कार्ड असल्यामुळे नोकरी बदलली म्हणून इथं राहण्याला धक्का नाही. पोळ्या मी अजूनही घरीच करते. हे सगळं सांगून झालं, आता अवघड ते सांगते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी, जूनमध्ये, मला येता येणार नाही.

येते म्हणून शब्द दिला होता, माझ्या लक्षात आहे. नव्या नोकरीत रजा साठलेली नाही, आणि जी आठवडाभराची मोकळीक मिळतेय ती एका अभ्यासक्रमासाठी. पैसे भरून झालेत. बाबा, हे वाचून तुम्ही "मग ठीक आहे" म्हणाल आणि रेडिओ लावाल, तेच मला नकोय. कशासाठी चाललेय ते नीट ऐका, कारण ते सगळं तुमचंच आहे, आपल्या बाजारातल्या व्यापारी संघाचं चिटणीसपद तुम्ही सांभाळलंत तेच.

व्यापारी संघ चालवणं हा इथं धंदा आहे. दुकानदारीचा धंदा वेगळा, संघ चालवण्याचा वेगळा. ज्या गावात चेंबर आहे तिथं अध्यक्ष बहुतेक दर वर्षी बदलतो. तो कुणीतरी व्यापारी असतो आणि फुकट काम करतो. पण कचेरीत रोज बसणारा माणूस पगारी असतो, त्याला चेंबर एक्झिक्युटिव्ह म्हणतात. आणि या पगारी माणसांची स्वतःची एक संघटना आहे! वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला तिचं कार्यालय, स्थापना १९१४. नावच असोसिएशन ऑफ चेंबर ऑफ कॉमर्स एक्झिक्युटिव्हज. म्हणजे चिटणिसांचा संघ. वाचलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. आई, तू एकोणीस वर्षं ज्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणालीस, त्या भाजणाऱ्यांची शंभर वर्षांहून जुनी युनियन आहे गं.

या संघटनेचं दर उन्हाळ्यात अधिवेशन भरतं, वर्षाचं उत्तम चेंबर निवडतात, कुठल्या आकाराच्या चेंबरचा खर्च किती, पगार किती याचे तक्ते सभासदांना मिळतात. मला सगळ्यात उपयोगी पडला तो नमुन्यांचा साठा. नियमावली, कार्यकारिणीची शपथ, वर्गणी थकल्याचं पत्र, सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं. तुम्ही थकबाकीचं पत्र लिहायला रात्री अकरापर्यंत बसायचात, 'सस्नेह' ठेवायचं की खोडायचं यावर. इथल्या नमुन्यातही शेवटी प्रेमाचं वाक्य असतं, बरं का.

मग सर्टिफाइड चेंबर एक्झिक्युटिव्ह नावाची एक पदवी आहे. काही वर्षं काम झालं की अर्ज, परीक्षा, मुलाखत, आणि पास झालात की नावापुढे तीन अक्षरं. ते माझ्यासाठी अजून लांब आहे. मी जूनमध्ये चाललेय ते दुसरीकडे, यू. एस. चेंबरच्या इन्स्टिट्यूटला. यू. एस. चेंबर ही संस्था वेगळी हं, वॉशिंग्टनची मोठी, १९१२ची. गावोगावची चेंबरं तिच्या शाखा आहेत असं मला वाटायचं, तसं अजिबात नाही, प्रत्येक गावचं आपापलं. तिने १९२१पासून ही शाळा चालवलीय. चार वर्षं, दर वर्षी एक आठवडा, मिळून ९६ तास. माझा वर्ग जॉर्जियातल्या अथेन्सला. म्हणजे अजून तीन उन्हाळ्यांत एकेक आठवडा जाणार, पण पुढच्या वर्षीपासून तारखा आधी कळतील आणि मी तुमच्याकडच्या तारखा सोडून वर्ग निवडीन. हे लिहून देते, दादाला दाखवून ठेवा.

शब्द मात्र यांचे भारी. 'नॉन-ड्यूज रेव्हेन्यू' म्हणून एक अख्खं सत्र आहे. वर्गणीखेरीजचं उत्पन्न. बाबा, तुमचं कॅलेंडर! खाली जाहिरातींच्या चौकटी, आणि अमावास्येच्या दिवशी कुणाची जाहिरात यावरून झालेलं भांडण. 'रिटेन्शन' म्हणजे गेल्या वर्षी वर्गणी दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिली. 'टियर्ड ड्यूज' हे आता सगळीकडे चाललंय. पूर्वी दुकानात नोकर किती त्यावर वर्गणी ठरायची. आता पायऱ्या करतात, या पायरीला एवढं मिळेल, वरच्या पायरीला तेवढं, ज्याला जे परवडेल ते त्याने उचलावं. तुम्ही सगळ्यांना एकच वर्गणी ठेवलीत आणि औषधवाले काका दर वर्षी टपरीवाल्याशी स्वतःची तुलना करत राहिले. पायऱ्या असत्या तर ते सगळ्यात वरच्या पायरीवर चढून बसले असते, नाव मोठ्या अक्षरांत येतं म्हटल्यावर.

'कन्व्हीनर, कॅटॅलिस्ट, चॅम्पियन' हेही सारखं कानावर येतं. माणसं एकत्र बसवणारा, काम सुरू करून देणारा, बाजू घेऊन भांडणारा. मला यातलं पहिलंच खरं वाटतं, उरलेली दोन 'सी' हे पहिलं अक्षर जुळावं म्हणून आणली असावीत.

एका गोष्टीवर तुम्ही हसाल. इथं सभा सुरू होण्याआधी एक सूचना वाचतात, की भावाबद्दल इथं बोलायचं नाही. स्पर्धक दुकानदारांनी बसून एक भाव ठरवला तर १८९०च्या शर्मन कायद्याने तो गुन्हा, तुरुंगसुद्धा होतो. आपल्या ओसरीवर चहा पीत तेलाच्या डब्याचा भाव ठरायचा, आणि मी बिस्किटं फिरवायची. इथल्या हिशेबाने मी पण आत.

आणि मोठी कात्री. नवीन दुकान उघडलं की फीत कापायला आमची तीन फुटांची कात्री जाते, सोनेरी मुठीची. माझ्या पहिल्याच वेळी एका धोबी दुकानाच्या दारात मालकीणबाई कात्री दाबतात, फीत नुसती दुमडते. पंधरा माणसं फोन धरून उभी. त्या कात्रीला धारच नसते, फोटोपुरती असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी बाईंनी खिशातून शिवणाची छोटी कात्री काढली आणि मोठीच्या आडून फीत कापली. आता माझ्या पर्समध्ये कायम एक छोटी कात्री. विमानतळावर जाताना काढायची आठवण करशील, आई?

बाबा, आता जे लिहितेय त्यावर उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.

माझ्या पहिल्या महिन्यात साहेबांनी मला पैशांची पद्धत समजावली. जो पावती फाडतो त्याने पैसे बँकेत भरायचे नाहीत. जो भरतो त्याने खातं जुळवायचं नाही. चेकवर दोन सह्या. दर वर्षी बाहेरचा माणूस हिशेब बघणार, संशय आहे म्हणून नाही, तर संशय येऊ नये म्हणून. चिटणिसांची ती संघटना चेंबरांना हेच शिकवते. मी मान हलवत ऐकत होते आणि मग उठून स्वच्छतागृहात गेले.

संघाच्या त्या सभेत तुम्हाला हिशेबाबद्दल जे विचारलं गेलं, ते विचारायची वेळच येऊ नये अशी सोय करणं समितीचं काम होतं. तुमच्या एकट्याच्या हातात पावतीपुस्तक, पेटी, पासबुक आणि किल्ली देऊन ते सगळे मोकळे झाले होते. आकडा शेवटी जुळलाच होता, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्ही त्यानंतर बाजारातून जाताना मागच्या गल्लीने जायला लागलात, ते मी बघितलंय. तेव्हा मी आठवीत होते, लहान नव्हते. बस, यापुढे नाही लिहीत. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माझं चुकलं म्हणा.

रविवारी सकाळी स्कूटरवर पुढे उभी राहून मी वसुलीला यायचे ते आठवतं का? कार्बन पेपर सरळ ठेवायचं काम माझं. शिक्का मारायचंही माझंच, आणि घरी आल्यावर जांभळी बोटं आईच्या पदराला. तुम्ही कधीच दुकानात शिरल्या शिरल्या वर्गणी मागायचा नाहीत. आधी "मुलाचं काय झालं", मग पावसाचं, आणि निघताना पायरीवरून, जसं काही आत्ताच आठवलं. माझ्या पहिल्या महिन्यात मी तेच केलं. एका टायरवाल्याच्या दारात, निघताना. त्याने तीन वर्षांनी पुन्हा वर्गणी भरली. साहेब म्हणाले, हे कुठं शिकलीस? सांगितलं, घरचा धंदा आहे.

असो. आता कामाचं, आणि यात वाद नको.

ऑपरेशनच्या दिवशी दादा सकाळी सातला गाडी घेऊन येईल. बाबा, स्कूटर नाही, रिक्षाही नाही. साखरेची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने नको. नंतर डोळा चोळायचा नाही, खाली वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही. थेंबांचा तक्ता मी मोठ्या अक्षरांत करून पाठवतेय, फ्रिजवर लावा. थेंब आई घालणार. आई, तुझा हात थरथरतो म्हणून तू टाळशील, तर त्यांना आडवं करून घाल, म्हणजे सोपं जातं. पोळ्यांच्या बाईंना महिनाभर दोन्ही वेळ यायला सांगितलंय, पैसे दिलेत, त्यांना परत पाठवू नकोस आणि त्या यायच्या आधी उठून स्वतः पोळ्या करून ठेवू नकोस. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस गुरुवारी येईल. भिंतीच्या फरशा फुटतील म्हणून त्याला हाकलू नका. फुटू देत.

दिवाळीचं तिकीट काढलंय, अठरा दिवस. दुसऱ्या डोळ्याचं मी आल्यावर करू, तेव्हा थेंब माझ्याकडे.

तुमची,
छकुली

ता. क. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पावतीपुस्तकं आहेत. आई, रद्दीत घालू नकोस. एक मला हवंय, कचेरीतल्या टेबलावर ठेवायला. भरलेलं चालेल, शिक्का थोडा तिरका मारलेलं बघून काढ.