सूचना : ऑक्टोबर छाटणी आणि आपली घरे

सर्व सभासदांना,
दिंडोरी भागातल्या द्राक्षबागांची छाटणी सुरू होत आहे. कुंपणाला लागून बाग असलेल्या बंगल्यांनी खालील बाबी आजच पाहून घ्याव्यात.

छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काड्यांच्या डोळ्यांना (जिथून नवे कोंब फुटतात) हायड्रोजन सायनामाइड या फुटीसाठीच्या रसायनाची पेस्ट लावतात. हे विषारी आहे. मुलांना आणि पाळीव जनावरांना त्या ओळींत जाऊ देऊ नका. पेस्ट लावणाऱ्या मजुरांनी कामाच्या आदल्या दिवसापासून आणि नंतरही काही दिवस दारू घेऊ नये. थोडीशी घेतली तरी चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. आपल्याकडे कामाला येणाऱ्यांनाही हे नक्की सांगा. छाटलेल्या काड्या बंबात जाळू नका.

पुढे डावणी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) येऊ नये म्हणून फवारण्या चालू राहतील. ब्लोअरचे (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचे) तुषार वाऱ्याबरोबर गच्चीपर्यंत येतात, म्हणून टाकीचे झाकण घट्ट बसवा. तडा गेलेले झाकण बदला; वर दगड ठेवून भागत नाही, फटीतून औषध आत जातेच. पावसाचे पाणी टाकीत नेणारा पाइप या काळात काढून ठेवा. फवारणीच्या वेळी बागेकडच्या खिडक्या बंद, कपडे आत. परसातली मेथी-कोथिंबीर झाकावी.

बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) निळसर डाग काचेवरून पातळ व्हिनेगरने निघतात. सोलर पॅनेल मात्र सकाळी, गार असतानाच, साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते.

बागाईतदारांशी वाद घालू नये. फवारणीची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून गटावर टाकावी.